इमर्जन्सी केअरचं ५ दिवसांचं ट्रेनिंग, नागपूर : करून सहा महिने झाले, आता लिहून राहिले

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात, नागपूरला नर्सेससाठीचं इमर्जन्सी केअरचं ५ दिवसांचं ट्रेनिंग केलं. तेव्हापासून ओळखीच्या सिस्टर विचारून राहिल्या की कसं आहे, पैसे वसूल होतात का, सुट्टी टाकून करावं का. मी तेव्हा मुद्दाम नाही लिहिलं. कोर्स संपला त्याच संध्याकाळी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, हातात सर्टिफिकेट घेऊन एसटीत बसलं की सगळंच छान वाटतं. आता मधे अख्खा पावसाळा गेला, सापाचे पेशंट झाले, फवारणीच्या विषाचे झाले, एक रात्र तर अशी गेली की ती सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्णच होणार नाही, म्हणून आता बसले लिहायला. संस्थेचं नाव टाकत नाही कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि मी सरकारी नोकरीत आहे. ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी विचारा, फोनवर सगळं सांगीन.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलून राहिले ते समजेल. अधिपरिचारिका आहे, १४ वर्षं नोकरी, त्यातली ९ एकाच ग्रामीण रुग्णालयात. उमरेड रोडने एसटीनं दोन तास. ३० खाटा, एक छोटी कॅज्युअल्टी, रात्रीला एक सिस्टर आणि एक मावशी, मेडिकल ऑफिसर सर क्वार्टरमध्ये ऑन कॉल. सर चांगले आहेत, एका फोनवर येतात, पण यायला दहा-बारा मिनिटं लागतातच आणि त्या वेळी ते लेबर रूममध्ये अडकले असले तर आणखी जास्त. तेवढा वेळ पेशंट आपल्याच हातात असतो, हे गावाकडच्या प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा कोर्स आहे, आमच्या बॅचमध्ये तो केलेल्या दोन मुली होत्या, फार हुशार, व्हेंटिलेटर वगैरे त्यांना तोंडपाठ. आमच्याकडे त्या नावाची पोस्ट नाही. पण रात्री तीन वाजता झटके येणाऱ्या बाईला पहिल्यांदा कोण बघतं, तर आम्हीच, मग पोस्टचं नाव काही का असेना. उपकेंद्रातल्या सीएचओंचं (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) तर आणखी कठीण, त्यांच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात त्या एकट्याच. म्हणून हा रिव्ह्यू आमच्यासारख्यांसाठीच आहे, शहरातल्या मोठ्या आयसीयूत काम करणाऱ्यांना यातलं बरंच आधीच येत असेल.

फी साडेसात हजार, त्यात पुस्तक आणि दुपारचं जेवण, राहायचं आपलं आपण. मी अजनीला माझ्या नणंदेकडे राहिले, बाकीच्या चौघीजणींनी मिळून खोली घेतली. ऑन ड्युटी धरत नाही म्हणाले म्हणून अर्जित रजा टाकली आणि पैसे पण स्वतःच्या खिशातले. हे मी दुःखानंच सांगते, कारण माझ्यासोबतच्या दोघी याच कारणानं आल्या नाहीत, आणि त्यातली एक आमच्याकडे कॅज्युअल्टीला माझ्यापेक्षा जास्त असते. सीएनईचे (नर्सेसच्या सततच्या शिक्षणाचे) क्रेडिट पॉइंट मिळतात पण ते ऑनलाइन चढायला अडीच महिने लागले आणि चार फोन करावे लागले.

कोर्सचा पाया म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं २०१८ चं बेसिक इमर्जन्सी केअर, जे त्यांनी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीसोबत केलं. ते बनवलंच आहे कमी साधनांच्या ठिकाणांसाठी, म्हणजे सीटी स्कॅन नाही, स्पेशालिस्ट नाही, तरी पहिल्या तासात काय करायचं. एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन, डिसॅबिलिटी, एक्स्पोजर हा क्रम, आणि मग श्वासाचा त्रास, शॉक, बेशुद्धी, ट्रॉमा असे चार मोठे भाग. त्याच्यात यांनी आपल्या विदर्भाचे विषय घातले, साप, फवारणीचं विष, उष्माघात. हे मला फार आवडलं. याआधी मी बीएलएस-एसीएलएस (जीव वाचवण्याचे बेसिक आणि पुढचे कोर्स) केलं होतं, ते कार्ड दोन वर्षं चालतं आणि ते पण करावंच, पण त्यात सगळं हृदय बंद पडण्याभोवती फिरतं, आणि आमच्या कॅज्युअल्टीत हृदय बंद पडायच्या आधीच्या पायरीवरचे पेशंट जास्त येतात.

पहिला दिवस मात्र फसला. ३६ जणी आणि मॅनिकिन (सरावाचे पुतळे) ४. सीपीआरला, म्हणजे छाती दाबण्याच्या सरावाला, नंबर यायला पाऊण तास. स्लाइड सगळ्या इंग्रजीत आणि सर एवढे भरभर पळवत होते की मागच्या रांगेतल्या एएनएम ताई नुसत्या मान हलवत होत्या, मी बाजूलाच होते, त्यांना काहीच समजून नव्हतं राहिलं. पेपर पण इंग्रजीत. एका ताईंनी शेवटी हात वर करून विचारलं, "सर, मराठीतून सांगा ना जी, आमाले काम येते, इंग्रजीच नाही येत." हॉल शांत झाला. पण सरांचं कौतुक करते की ते रागावले नाही, दुपारनंतर सगळं मराठी-हिंदीतून झालं आणि दुसऱ्या दिवशी बॅचचे दोन भाग केले. हे आधीच करायला पाहिजे होतं, कारण पहिल्या दिवसाच्या दोनच गोष्टी माझ्या डोक्यात राहिल्या, तशा त्या कामाच्या निघाल्या. एक म्हणजे छाती दाबताना मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर हे सगळ्यांना पाठ असतं, पण आपण दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊच देत नाही, टेकूनच राहतो. मॅनिकिनला लाइट होता, माझा हिरवा लागतच नव्हता, १४ वर्षं नोकरी करून. दुसरी म्हणजे उंची. मी पाच फूट एक इंच, आमची कॉट उंच आणि गादी मऊ, अर्धा जोर गादीतच जातो. पाठीखाली कडक फळी आणि पायाखाली स्टूल पाहिजे. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी कॅज्युअल्टीत लाकडी स्टूल आणून ठेवलं.

दुसरा दिवस विषबाधा आणि सर्पदंश, इथून कोर्स खरा सुरू झाला. शिकवायला एक ब्रदर (पुरुष नर्स) होते, स्वतः वर्षानुवर्षं जिल्ह्याच्या कॅज्युअल्टीत काम केलेले, ते बोलायला लागले की समजायचं की यांनी हे पाहिलेलं आहे. २०१७ साली यवतमाळला फवारणी करता करता शेतकरी-शेतमजूर गेले तिथून त्यांनी सुरुवात केली. फवारणीचा पेशंट आला की आधी त्याचे कपडे काढा, साबण-पाण्यानं धुवा, केस आणि नखं पण, आणि स्वतः ग्लोव्हज-गाऊन घालून, नाहीतर ते विष अंगावरच्या सदऱ्यातून आत जातच राहतं आणि आपण वरून ॲट्रोपिन देत बसतो. मग ॲट्रोपिनचा, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचा, हिशोब. आपल्याकडचा ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचा. सुरुवात ३ ॲम्प्युल, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, खरखर आहे तर डोस डबल, म्हणजे ६, परत पाच मिनिटांनी १२. दहा मिनिटांत २१ ॲम्प्युल झाले. ब्रदरांनी विचारलं, तुमच्या ट्रेमध्ये किती असतात? बहुतेक जणी म्हणाल्या १०, कोणी म्हणालं ५. आणि डोळ्याची बाहुली मोठी झाली म्हणून थांबायचं नाही, छाती कोरडी झाली पाहिजे, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही डोळ्यात टॉर्च मारून बाहुली बघूनच ॲट्रोपिन कमी करायचो. ते पेशंट मला त्या दिवशी हॉलमध्ये बसल्या बसल्या आठवले.

पॅराक्वाट नावाचं तणनाशक असेल तर ऑक्सिजन लगेच लावायची घाई करायची नाही, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) खरंच खाली आलं तरच, कारण त्यात ऑक्सिजननं फुप्फुसाचं नुकसान वाढतं. हे मला माहीतच नव्हतं. म्हणून नातेवाइकाला घरी पाठवून डबा किंवा निदान त्याचा फोटो मागवायचाच. विंचवाचं लवकर आटोपलं, पण महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्रॅझोसिनची गोळी देऊन विंचूदंशाचे मृत्यू कसे कमी केले ते ब्रदरांनी इतकं मनापासून सांगितलं की बरं वाटलं, एका ग्रामीण भागातल्या डॉक्टरनं पेशंटजवळ बसून शोधलेली गोष्ट जगानं घेतली.

सापाचं मात्र चार तास चाललं आणि एक मिनिट जास्तीचं नाही वाटलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस आणि फुरशात रक्त गोठत नाही म्हणून २० मिनिटांची टेस्ट, २ मिली रक्त काचेच्या ट्यूबमध्ये, हलवायचं नाही, २० मिनिटांनी एकदाच तिरपी करून बघायची. ट्यूब नवी, कोरडी, काचेचीच, प्लास्टिकची चालत नाही आणि साबणानं धुतलेली पण नाही, नाहीतर उत्तरच चुकीचं येतं. आमच्याकडे सगळ्या प्लास्टिकच्या होत्या. मग एएसव्ही, सापाच्या विषावरचं इंजेक्शन. १० वायल (बाटल्या), मोठ्याला आणि लहानाला तेवढ्याच, कारण सापानं विष काही वजन बघून नाही सोडलं. आम्हाला एक्सपायरी झालेल्या वायल दिल्या विरघळवायला. वायल जोरात हलवली की नुसता फेस होतो, हातात धरून हळूहळू फिरवायची, आणि एकटीनं १० वायल करायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून दाखवला. तेव्हा समजलं की सापाचा पेशंट आला की मावशीला पण बाजूला बसवून वायल फिरवायला शिकवलं पाहिजे, बाप्पा, एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत कोणी सांगितली नाही.

रिॲक्शनचा भाग आमच्या सगळ्यांची सवय मोडणारा होता. एएसव्ही चालू असताना अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, की आपला हात आपोआप एव्हिल-एफकॉर्लिनकडे (ॲलर्जीच्या नेहमीच्या इंजेक्शनांकडे) जातो. ब्रदर म्हणाले, एव्हिल नंतर द्या, आधी ॲड्रेनॅलिन, अर्धा ॲम्प्युल म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. प्रत्येकीला उभं करून म्हणून घेतलं, काय, किती, कुठे. आमच्या मनात ॲड्रेनॅलिनची भीती बसलेली असते ना, की ते फक्त हृदय बंद पडल्यावर द्यायचं, ती भीती काढायला त्यांनी अख्खा एक तास घातला आणि तो तास या कोर्सचा सगळ्यात किमती तास होता असं मी म्हणेन.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या टपरीवर तर्री-पोहे खाऊन वर गेलो तर टेबलावर कोरे कागद. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटून आपापल्या कॅज्युअल्टीत जा आणि इमर्जन्सी ट्रेमध्ये आज काय काय आहे ते लिहा, असायला पाहिजे ते नाही, आहे ते. मी लिहिलं. ॲट्रोपिन १०. ॲड्रेनॅलिन ५. २५ टक्के डेक्स्ट्रोज २. अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) एक, मास्क मोठा, लहान मुलाचा कुठे आहे आठवेना. लॅरिंगोस्कोप (घशात बघून श्वासाची ट्यूब टाकायचं दिव्याचं साधन) आहे, बॅटरी टाकून कधी बघितली आठवेना. डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) आहे पण ओटीच्या कपाटात, किल्ली इनचार्ज सिस्टरकडे. ऑक्सिजन सिलेंडर दोन, एकाचा काटा चालत नाही. काचेची ट्यूब नाही. लिहिता लिहिताच माझा हात जड झाला.

मग त्यांनी प्रत्येकीचा तो कागद घेतला आणि त्याच कागदावर आहे तेवढ्याच सामानात सिम्युलेशन घेतलं. म्हणजे मला फवारणीचा पेशंट दिला आणि दहावा ॲम्प्युल संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "संपलं सिस्टर, पुढे?" मी म्हणाले स्टोअरमधून आणते. "स्टोअरची किल्ली कोणाकडे?" फार्मासिस्टकडे, ते नागपूरहून येणं-जाणं करतात. मॉनिटरवर सॅच्युरेशन खाली खाली येऊन राहिलं होतं, खोटंच होतं सगळं, पुतळा होता, पण माझ्या घशाशी आलं. शेवटी तो पेशंट गेला. मॅडमनी मला बाजूला बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, तुमच्या हाताचं काही चुकलं नाही, डोस बरोबर, वेळ बरोबर, तुम्हाला सामान कमी पडलं, आणि ते आज इथे समजलं हे बरं झालं. तो कागद त्यांनी परत दिला, मागच्या बाजूला काय वाढवायचं ते आम्हीच लिहायचं. बाकी कुठल्या कोर्समध्ये हे मी पाहिलं नाही. बाकी ठिकाणी टेबलावर सगळं मांडून ठेवलेलं असतं, आपण हात लांबवला की वस्तू मिळते, आणि घरी आल्यावर काहीच मिळत नाही.

टीममध्ये बोलण्याचं पण याच दिवशी शिकवलं. कोणी औषध सांगितलं की ते परत मोठ्यानं म्हणायचं आणि दिलं की "दिलं" म्हणायचं, वेळेसकट. पहिल्यांदा फार अवघड वाटतं, सरांसमोर मोठ्यानं बोलायची आपल्याला सवय नसते. पण "सर, पाच मिनिटं झाली, परत छाती ऐकता का" हे वाक्य सरावानं तोंडात बसलं की पुढे जमतं.

चौथ्या दिवशी उष्माघात. बाहेर ४५ अंश, आत हा विषय, सगळ्या लक्ष देऊन होत्या. अंगाचं तापमान ४० च्या वर आणि माणूस बरळतो किंवा बेशुद्ध, तर आधी थंड करा, मग नागपूरला पाठवा, गरम पेशंट तसाच ॲम्ब्युलन्समध्ये घालून दोन तास पाठवला तर रस्त्यातच मेंदू जातो. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही. आणि थंड कसं करायचं तर ताडपत्री! पेशंटला ताडपत्रीवर झोपवायचं, चौघांनी चार कोपरे धरून झोळी करायची, त्यात पाणी आणि बर्फ टाकून हलवत राहायचं, श्वासाकडे लक्ष ठेवून. आम्ही पार्किंगमध्ये खरंच केलं, एका मुलीला झोपवून. ताडपत्री कोणत्या गावात नाही सांगा. ३९ च्या आसपास आलं की थांबायचं.

त्याच दुपारी सिलेंडरचं गणित झालं, ते पंधरा मिनिटांचंच पण मला आयुष्यभर पुरेल. बी टाइप भरलेला सिलेंडर म्हणजे साधारण १५०० लिटर, मिनिटाला १० लिटर लावला तर १५० मिनिटं. काटा निम्म्यावर असेल तर ७५. म्हणजे आमच्याकडून नागपूरपर्यंत पुरणारच नाही. पेशंट रेफर करताना आपण फक्त बघायचो की सिलेंडर आहे ना, चालू आहे ना.

आता ती रात्र. पोळ्याची. मी नाइटला. पहाटे साडेचारला एका अकरावीतल्या पोट्ट्याला घेऊन आई-बाप आले, ऑटोत. बाप म्हणाला, "सिस्टर, रात्री पुरणपोळी जास्त खाल्ली जी यानं, पोट दुखून राह्यलं, दोनदा उलटी झाली." कुठे साप नाही, चावल्याची खूण नाही, सूज नाही. आधीची मी असते तर रॅनिटिडिन दिलं असतं आणि सकाळी बघू म्हटलं असतं, खोटं काहून बोलू. पण मी त्याला वर बघ म्हटलं आणि त्याच्या पापण्या वर जाईचनात. आई म्हणाली, "झोप आहे जी त्याले, डोये उघडत नाही." मी विचारलं झोपला कुठे होता. खाली, चटईवर. मण्यार. ब्रदरांचे शब्द कानात होते, मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सुजत नाही, पोट दुखतं आणि पहाटे पापण्या पडतात.

सरांना फोन केला आणि पोटदुखी असं न सांगता सरळ सांगितलं, मण्यार वाटते, पापण्या पडल्या, मी लाइन लावून एएसव्ही काढते. मावशी आणि मी वायल फिरवायला बसलो, तिला जूनमध्येच शिकवून ठेवलं होतं. सर आले, बघितलं, म्हणाले बरोबर आहे, चालू करा. पंधरा मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी, खोकला, बीपी खाली. एएसव्ही थांबवलं, मी म्हणाले सर, ॲड्रेनॅलिन पॉइंट फाइव्ह मांडीत, ते म्हणाले द्या, मी म्हणाले दिलं, चार वाजून अठ्ठावन्न. थोड्या वेळात उतरलं, परत चालू केलं. तोपर्यंत श्वासाची ताकद बघायला त्याला एका श्वासात आकडे मोजायला लावत होते, आधी २० पर्यंत गेला, मग १२, मग ७, आणि मान उचलता येईना. सरांनी ट्यूब टाकली, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागला कारण त्याची बॅटरी आता दर सोमवारी बघितली जाते. १०८ आली. मी सिलेंडरचा काटा बघितला, निम्म्यावर. आमचा एक भरलेला सिलेंडर आत चढवला, ड्रायव्हर दादा म्हणाले कशाला मॅडम, मी म्हणाले पुरणार नाही दादा, गणित केलं आहे.

पूर्ण रस्ता अंबू बॅग, सहा सेकंदाला एक, मी आणि ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर आळीपाळीनं. दिघोरीच्या आधी पहिला सिलेंडर संपला. मारबतीचा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीचा) दिवस होता पण ती गर्दी इतवारी-महालकडे, आम्हाला मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला) जायचं होतं, सक्करदऱ्यावरून निघालो. पोरगा काही दिवस व्हेंटिलेटरवर होता. दिवाळीच्या आधी आईसोबत येऊन गेला, चालत, आवाज थोडा घोगरा झाला होता. माझ्या पाया पडायला वाकला तर मी त्याला उचललं आणि मलाच रडू आलं. साडेसात हजार रुपये वसूल झाले का असं ज्या विचारून राहिल्या होत्या, त्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

तरी मी पाचपैकी पाच स्टार देणार नाही, चार देते, आणि कारणं मनापासून सांगते कारण हे सुधारलं तर किती बाया-पोरं वाचतील. एक तर कोर्समध्ये सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) नाही. विदर्भात कोर्स घेऊन राहिले, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाच्या सिस्टर समोर बसल्या आहेत, २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेलचं मिशन चालू आहे, आणि क्रायसिसमध्ये आलेल्या पोरीला वेदनेचं औषध किती लवकर द्यायचं, सलाईन किती, छातीत दुखायला लागलं तर घाबरायचं कधी, यावर एक स्लाइड पण नव्हती. मी फीडबॅक फॉर्ममध्ये अर्धं पान लिहून दिलं. बाळंतपणाच्या इमर्जन्सीला फक्त दीड तास दिला, शेवटच्या दिवशी, सगळ्यांना बसची घाई असताना. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात ट्रानेक्झामिक ॲसिड तीन तासांच्या आत, कंडोम आणि कॅथेटरचा बलून, हे नुसतं सांगितलं, हातानं करून घेतलं नाही. झटक्याच्या बाईला मॅग्नेशियमचा पहिला डोस म्हणजे ४ ग्रॅम शिरेत आणि १० ग्रॅम स्नायूत, दोन्ही कुल्ल्यांत अर्धा-अर्धा, १ ग्रॅमचे १४ ॲम्प्युल फोडायचे असतात, हे सगळं घामाघूम होऊन करायचं काम आहे, याला पूर्ण अर्धा दिवस पाहिजे. ग्रामीण रुग्णालयात लेबर रूम आणि कॅज्युअल्टी एकच सिस्टर बघते हो. उलट लकव्याच्या इंजेक्शनवर दोन तास गेले, जे सीटी स्कॅन झाल्याशिवाय देताच येत नाही आणि आमच्याकडे सीटी नाही, त्यात आम्हाला एवढंच पाहिजे होतं की ओळखायचं कसं, शुगर बघायची आणि किती वेळात कुठे पाठवायचं.

आणि फॉलो-अप नाही. तीन महिन्यांनी एक दिवस परत बोलवा, हात परत तपासा. माझा सीपीआरचा हिरवा लाइट आता लागत असेल की नाही मला माहीत नाही. आम्ही आमच्यापुरतं महिन्यातून एकदा, पगाराच्या आठवड्यात, दुपारी अर्धा तास उशीवर करतो, ब्रदर, मावशी, मामा सगळे. पण उशीला लाइट नसतो.

ज्या जाणार आहेत त्यांच्यासाठी : एसी फार जास्त असतो, शाल न्या. नोंदणी करतानाच विचारा बॅच किती जणींची, ३० च्या वर सांगितली तर पुढच्या बॅचला थांबा. कोर्सच्या आदल्या दिवशी आपल्या कॅज्युअल्टीतल्या ट्रेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, माझ्यासारखं आठवत बसू नका. जमलं तर एकाच रुग्णालयातल्या दोघी जा, परत आल्यावर एकटीनं सगळ्यांना सांगणं जड जातं, सुरुवातीला मला पण "आली मोठी ट्रेनिंग करून" असं ऐकावं लागलं. आता त्याच सिस्टर स्वतः ट्रे मोजतात. आणि बीएलएस अजिबात केलं नसेल तर आधी ते करून घ्या, नाहीतर पहिला दिवस डोक्यावरून जाईल.

तो माझा तिसऱ्या दिवशीचा कागद आता कॅज्युअल्टीच्या फ्रिजवर चिकटवला आहे, पुढची बाजू जुनी, म्हणून मागची बाजू वर. ॲट्रोपिन १०० ॲम्प्युल, हे सरांनी स्वतः मागणीपत्रावर सही करून आणवलं. काचेच्या ट्यूब ६, नव्या. डिफिब्रिलेटर ओटीतून कॅज्युअल्टीत आला, रोज सकाळी चार्जिंगला लावून टेस्ट करायचा. लहान मुलाचा मास्क सापडला, लेबर रूमच्या ड्रॉवरमध्ये होता. फक्त दुसऱ्या सिलेंडरचा काटा अजून बदलून यायचा आहे, तीनदा लिहून दिलं, परवा चौथ्यांदा देते.